सेल्फ घेत नाही: जुन्या डिझेल ट्रॅक्टरांच्या स्टार्टिंगचा आढावा

सकाळी ट्रॅक्टर उठला नाही की पहिला आरोपी सेल्फ. परभणी भागात पूर्णा असो, वसमत असो की पालम, रीत एकच. सेल्फ खोलायचा, गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर मिस्त्रीकडे न्यायचा, नवे कार्बन-बुश टाकून आणायचा आणि बसवायचा. कधी कधी काम होतं. बऱ्याचदा ट्रॅक्टर होता तिथेच राहतो आणि खिसा तेवढा हलका होतो. मॅसी १०३५, इंटरनॅशनल बी-२७५, एचएमटी २५११, फोर्ड ३६००, एस्कॉर्ट ३३५, जुना आयशर यांतला एखादा ट्रॅक्टर आखाड्यावर उभा असलेल्या माणसाला हे सांगायला नको. हे ट्रॅक्टर इथे कुणी हौसेने जपलेले नाहीत. पाण्याचा टँकर ओढायला, थ्रेशर चालवायला, उसाच्या हंगामात ट्रॉली न्यायला ते रोज लागतात. त्यामुळे स्टार्टिंगचा प्रश्न हा संग्रहालयाचा नसून पेरणीचा प्रश्न आहे.

गेल्या शंभर वर्षांत डिझेल ट्रॅक्टर चालू करायला माणसाने जे जे उद्योग केले, ते नजरेखालून घातले तर एक गोष्ट लगेच दिसते. त्यातले बहुतेक थंडीशी झगडण्यासाठी होते. युरोप-अमेरिकेतल्या बर्फात रात्रभर उभं राहिलेलं लोखंड सकाळी गरम करायचं होतं. आपल्याकडे परभणीचं नाव डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या नीचांकी तापमानांत येतं, पारा कधी पाच अंशांच्याही खाली जातो, पण तो पाहुणा थोड्या दिवसांचा. इथलं कायमचं दुखणं वेगळं आहे. करंट जागेवर पोचत नाही, डिझेलच्या लाइनीत हवा शिरते आणि रिंग-बोअर झिजून कॉम्प्रेशन उतरलेलं असतं. दुखणं वेगळं तर औषधही वेगळं हवं. हे न ओळखता आपण उसन्या उपायांवर आणि जुगाडावर विसंबतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ गोष्ट अशी. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पण हे सगळं पिस्टन झपकन वर गेला तरच. तो रेंगाळत गेला तर हवा रिंगांच्या फटींतून खाली निसटते आणि उरलेल्या हवेची उष्णता भोवतालचं गार लोखंड शोषून घेतं. म्हणून मिनिटाला साधारण शंभर ते दोनशे फेरे इंजिनाला बाहेरून मिळावे लागतात. इंजिन जेवढं झिजलेलं, तेवढे जास्त. नव्या ट्रॅक्टरला जो मंद सेल्फ चालून जातो तो जुन्याला चालत नाही, त्याचं कारण हेच. जगात जेवढ्या स्टार्टिंग पद्धती निघाल्या त्यांनी एक तर इंजिन फिरवण्याची ताकद वाढवली, किंवा सुरुवातीचा भार हलका केला, किंवा बाहेरून उष्णता दिली. काहींनी तिन्ही केलं.

जर्मनीच्या लान्झ कंपनीचा बुलडॉग १९२१ साली आला. फ्रिट्झ ह्युबर यांची रचना. एकच भलंमोठं आडवं सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि डोक्यावर पोकळ लोखंडी गोळा. हा गोळा ब्लो-लॅम्पने लालसर होईपर्यंत तापवायचा. मग स्टिअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या फ्लायव्हीलच्या मध्यात घालायचं आणि इंजिन मागे-पुढे झुलवून पेटवायचं. इंजिन कधी उलट्या दिशेनेही चालू व्हायचं, मग पुढचा गिअर टाकला की ट्रॅक्टर मागे जायचा. काटेकोरपणे पाहिलं तर याला पूर्ण डिझेल म्हणता येत नाही, पण कसलंही जळकं तेल तो पचवायचा आणि बॅटरी नावाची भानगडच नव्हती. लान्झ १९५६ मध्ये जॉन डिअरच्या ताब्यात गेली आणि काही वर्षांतच बुलडॉगचा जमाना संपला.

इंग्लंडमध्ये गेन्सबरोच्या मार्शल कंपनीचा फील्ड मार्शल दुसऱ्या महायुद्धानंतर आला. हाही एका सिलिंडरचाच. त्याची गंमत दोन ठिकाणी आहे. सोऱ्यात बुडवून वाळवलेल्या कागदाची सुरळी एका लहान बोल्टच्या टोकात खोचायची, पेटवून फुंकायची आणि निखारा धरला की तो बोल्ट सिलिंडर हेडमध्ये आवळायचा. झाली आतल्या उष्णतेची सोय. दुसरी गंमत फ्लायव्हीलच्या कडेवरची. तिथे गोल गोल फिरत जाणारी खाच कोरलेली असे आणि तिच्यात एक छोटी चकरी चालत असे. चकरी खाचेत आहे तोवर व्हॉल्व्ह किंचित उघडा, म्हणजे दाब नाही, हँडल हलकं. सहा फेरे झाले की चकरी खाचेतून सुटायची, व्हॉल्व्ह बंद व्हायचा आणि वेगात आलेलं जड फ्लायव्हील पिस्टनला दाबावर रेटायचं. हँडल मारण्याइतका दम नसेल तर बारा बोअरच्या बंदुकीचं, छर्रे नसलेलं काडतूस हेडजवळच्या नळीत घालायचं आणि हातोडीने ठोकायचं. धडाका व्हायचा आणि ट्रॅक्टर चालू. ज्याने हे यंत्र काढलं त्याने शेतकऱ्याच्या एकटेपणाचा विचार केला होता, हे मान्य करावं लागतं.

अमेरिकनांनी वेगळी वाट धरली. कॅटरपिलरने १९३१ साली डिझेल पट्ट्याचा ट्रॅक्टर काढला तेव्हा त्याच्या कुशीत एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलं. त्याला पोनी मोटर म्हणत. आधी पोनी चालू करायची. तिचं गरम पाणी मोठ्या इंजिनात फिरायचं, मोठं इंजिन डिझेल न देता नुसतं फिरत राहायचं, ऑइलचा दाब तयार व्हायचा, मग डिझेल सोडायचं. थंडीत याच्याइतकी खात्रीची पद्धत दुसरी झाली नाही. जॉन डिअरचं पहिलं डिझेल मॉडेल आर १९४९ साली आलं, तेही पोनीवरच. इंटरनॅशनल हार्वेस्टरने तर एकाच इंजिनाला दोन जन्म दिले. लिव्हर ओढला की सिलिंडरला जोडलेली जास्तीची पोकळी उघडायची, दाब कमी व्हायचा आणि तेच इंजिन कार्बुरेटर, मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगवर पेट्रोलने चालू व्हायचं. थोडं तापलं की लिव्हर परत, आणि पुढे डिझेल. कल्पना बुद्धीची, पण एका ट्रॅक्टरमागे दोन इंधनं आणि दोन इंजिनांइतके सुटे भाग सांभाळायचे. सोव्हिएत संघाच्या बेलारूस एमटीझेड-५० च्या एका प्रकाराला अशीच दहा अश्वशक्तीची पेट्रोल मोटर होती.

या यंत्रांचा आपल्याशी संबंध कुठे येतो? १९५१ साली देशभरात साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. कास गवताने खाल्लेल्या मध्य भारतातल्या जमिनी मोडून काढायला केंद्र सरकारची सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी राहिली आणि तिच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने १९४९ साली भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि इथला शत्रू होता कुंदा आणि हरळी. बैलाच्या नांगराला न जुमानणाऱ्या या गवताच्या मुळ्या खोल नांगरटीनेच निघत. इथल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरची पहिली गरज पटली ती या खोल नांगरटीसाठी. पुढे साठच्या दशकात पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघातून झेटर, डीटी-१४, बेलारूस अशी यंत्रं आयात झाली आणि राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत वाटली गेली. महाराष्ट्राचं महामंडळ १९६५ सालचं. या आयात यंत्रांना सुटे भाग मिळेनात, हा अनुभव त्या पिढीने भरपूर घेतला.

देशी कारखाने त्याच सुमारास उभे राहिले. फरीदाबादला आयशर १९५९ मध्ये, चेन्नईला टाफे १९६०-६१ मध्ये, मुंबईत कांदिवलीला महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी १९६३ मध्ये आणि तिथून थोड्याच वर्षांत बी-२७५. एचएमटीने पिंजोरला झेटरच्या आधारावर १९७१ मध्ये सुरुवात केली, १९७४ साली स्वराज ७२४ आला. नाशिकला किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झबरोबर हवेने थंड होणारा ट्रॅक्टर काढला होता, तोही सत्तरच्या दशकातच. या सगळ्यांनी एक निर्णय जवळजवळ एकमताने घेतला: बारा व्होल्टची बॅटरी आणि विजेचा सेल्फ. पोनी नाही, काडतूस नाही. डिझेल पंप बंगळुरूच्या मायकोने आणि सेल्फ-डायनमो चेन्नईच्या लुकास-टीव्हीएसने देशातच बनवायला घेतल्यावर हा निर्णय सोपा झाला. पंप कुणाचाही असो, त्याला मायको म्हणायची आपली सवय तेव्हापासूनची.

इथल्या शेतकऱ्याची डिझेलशी पहिली ओळख मात्र ट्रॅक्टरने झाली नाही, ती विहिरीवरच्या इंजिनाने झाली. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं पाच अश्वशक्तीचं इंजिन, नाहीतर राजकोटकडचं लिस्टर नमुन्याचं जड चाकांचं इंजिन. दोन्हीला हँडल आणि डोक्यावर दाब सोडायचा लिव्हर. लिव्हर उचलायचा, हँडलला गती द्यायची, चाक भरात आलं की लिव्हर पाडायचा. फील्ड मार्शलची खाच जे आपोआप करायची ते इथे माणसाचा डावा हात करायचा. थंडीत इंजिन हट्टाला पेटलं तर हवेच्या तोंडातून थोडं ऑइल आत सोडायची रीत होती. त्याने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात आणि दाब वाढतो. हे शास्त्राला धरून आहे, फक्त ऑइल जास्त झालं तर पिस्टन त्याच्यावर आपटून रॉड वाकतो. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही, हा नियम जुन्या माणसांनी पोरांना मारून शिकवला. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे. अंगठा अडकला की मनगट गेलं. आज हँडलने ट्रॅक्टर चालू करणारे जवळजवळ उरले नाहीत आणि तीन-चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर तो प्रयत्न करूही नये.

आता सेल्फ. दिसायला साधी मोटर, पण थोड्या सेकंदांसाठी ती दोनशे ते चारशे अँपिअर ओढते. घरातला पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही. या आकड्यातच इथल्या निम्म्या तक्रारींचं उत्तर आहे. तीनशे अँपिअर जात असताना वाटेत कुठे एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी तीन व्होल्ट तिथेच जिरतात. बारातले तीन गेले की सेल्फ कण्हतो. आणि हा शंभरावा भाग म्हणजे काय, तर बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, तुटत आलेल्या केबलच्या चार तारा, किंवा चासीला आवळलेल्या अर्थिंगच्या पट्टीखालचा गंज आणि रंग. सेल्फ खोलण्याआधी मोंढ्यातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक साधा मीटर आणावा. बॅटरी शांत असताना साडेबाराच्या पुढे व्होल्ट दाखवते का पाहावं. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगून, तो फिरत असताना, मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर लावावी. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर वायर ठीक. दोन-अडीच आलं तर दुखणं तिथे आहे. हेच मायनसच्या खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत करावं. अर्थिंगची बाजू कुणी तपासत नाही आणि गोम बहुतेक वेळा तिथेच निघते. उपाय गरम पाणी, खाण्याचा सोडा, तारेचा ब्रश, घट्ट नट आणि वरून पेट्रोलियम जेली.

कानही बरंच सांगतो. चावी मारली आणि एकदाच 'टक्' झालं तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच, ओढतो पण पुढे करंट जात नाही, किंवा सेल्फचे कार्बन संपले. 'टकटकटक' असा सपाटा लागला तर व्होल्ट कमी पडतात, म्हणजे बॅटरी किंवा जोड. सेल्फ मोकळा घूं करतो पण इंजिन हलत नाही, तर सेल्फची पिनियन फ्लायव्हीलच्या दातांत जात नाही. जुन्या बेंडिक्सच्या सेल्फला हे फार होतं, कारण त्याची पिनियन आट्यांवर स्वतःच्या झटक्याने पुढे सरकते आणि आटे धुळीने चिकटले की अडकते. त्यावर ग्रीस लावणारे भेटतात. ग्रीसवर काळ्या मातीची धूळ बसून चिखल होतो. रॉकेल किंवा डिझेलने धुवून आटे कोरडेच ठेवायचे.

एक दोष असा आहे की तो फ्लायव्हीलमध्ये असतो आणि पैसे सेल्फवर जातात. बंद होताना इंजिन दरवेळी कुठल्यातरी सिलिंडरच्या दाबाला अडून थांबतं. चार सिलिंडरचं इंजिन त्यामुळे दोनच ठिकाणी थांबतं, तीन सिलिंडरचं तीन ठिकाणी. वर्षानुवर्षं पिनियन त्याच दातांवर आदळते आणि तिथले दाते झिजतात. मग ट्रॅक्टर चार वेळा बिनतक्रार उठतो आणि पाचव्या वेळी खर्रकन आवाज करून नाही म्हणतो. गाडी गिअरमध्ये घालून थोडी पुढे-मागे ढकलली की उठतो. हे लक्षण दिसलं तर सेल्फवर खर्च करू नये. ट्रॅक्टर क्लचसाठी मध्यातून फोडायची वेळ येईल तेव्हा फ्लायव्हीलवरची दात्यांची रिंग गरम करून काढायची आणि थोडी फिरवून किंवा उलटी बसवायची. जाणता मिस्त्री हे स्वतःहून सुचवतो.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावं, हे प्रत्येक पुस्तकात छापलेलं असतं आणि कुणीच पाळत नाही.

उष्णतेच्या उपायांबद्दल थोडक्यात, कारण आपल्याकडे त्यांचं काम थोडंच. बी-२७५ च्या घराण्यातल्या ब्रिटिश इंजिनात डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं. अशा इंजिनांना ग्लो प्लग लागतात. जुन्या पद्धतीत हे चारही प्लग एकापाठोपाठ एका वायरीत जोडलेले असत, त्यामुळे एक गेला की चारही गार. मॅसीसारख्या थेट पिस्टनवर डिझेल मारणाऱ्या इंजिनांना ती गरज नसते. परदेशी मॉडेलांत हवेच्या मॅनिफोल्डमध्ये थर्मोस्टार्ट असे, तापलेल्या तारेवर थेंबभर डिझेल पेटवून आत गरम हवा सोडणारा. ब्रिटिश मॅसी ३५ ला सुरुवातीला जे चार सिलिंडरचं इंजिन होतं ते थंडीत उठत नाही म्हणून इतकं बदनाम झालं की कंपनीने तीन सिलिंडरचं पर्किन्स बसवलं. भारतात सिम्पसनने बनवलेलं इंजिन याच पर्किन्सच्या वंशातलं, म्हणजे मॅसी १०३५ ची चांगली स्टार्टिंग ही त्या बदनामीची देणगी आहे. फोर्डसन मेजरच्या पंपाला जादा डिझेलचं बटण होतं, चालू होताना एकदाच दाबायचं.

डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं पेटवून एअर क्लीनरच्या तोंडाशी धरण्याचा प्रकार जानेवारीच्या पहाटे अजून दिसतो. ऑइल-बाथ क्लीनरमध्ये ऑइल असतं आणि भोवती कडबा, पाचट असतं, एवढंच लक्षात आणून देतो. इथरचा फवारा ग्लो प्लगच्या इंजिनात मारणं तर त्याहून घातक. प्लग तापलेला असताना इथर आत गेला की अवेळी भडका होऊन पिस्टन फुटू शकतो. परभणीच्या थंडीला एवढ्या टोकाची गरज नाही. ट्रॅक्टर आडोशाला उभा करणं, रात्री बॅटरी काढून घरात ठेवणं आणि ऑइल योग्य ग्रेडचं घालणं एवढ्याने भागतं.

सेल्फ जोमात फिरतो, तरी ट्रॅक्टर उठत नाही आणि सायलेन्सरमधून धूरही येत नाही. याचा अर्थ डिझेल पोचत नाही. आधी बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिलाय का ते पाहा. हसू नका, यावर मिस्त्री बोलावले गेलेले आहेत. मग एअर. टाकी तळाला गेली, फिल्टरच्या वाटीचा वायसर कडक झाला, पाइपाचा नट ढिला झाला, की रात्रभरात लाइनीत हवा जाते. टाकी भरावी, फिल्टरवरचा बोल्ट ढिला करावा आणि फीड पंपाचा हाताचा लिव्हर मारत राहावं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तेव्हा बोल्ट आवळावा आणि हेच पंपाच्या स्क्रूवर करावं. शेवटी नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारावा. कधी लिव्हर ढिला लागतो आणि डिझेल येतच नाही. पंप गेला असं वाटतं, पण पुष्कळदा आतला कॅम उचललेल्या जागी थांबलेला असतो. इंजिन थोडं फिरवलं की लिव्हरला भार येतो. एवढं न कळल्यामुळे चांगले पंप बदलले गेले आहेत.

धूर येतो, पांढरा आणि उग्र वासाचा, पण इंजिन पकड घेत नाही, तर डिझेल जातं पण पेटत नाही. एक तर फेरे कमी, नाहीतर कॉम्प्रेशन गेलेलं. सेल्फ तेजीत असूनही रोज असंच होत असेल तर आता रिंग-पिस्टनचा विषय काढावाच लागेल. मोठी बॅटरी लावून तो पुढे ढकलता येतो, टाळता येत नाही.

बॅटरी मरते ती थंडीने नाही, उन्हाने. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, ट्रॅक्टर नांगरटीनंतर उभा राहतो, पाणी प्लेटांच्या खाली जातं, आणि जूनच्या पहिल्या पावसाला, नेमका वापसा आल्यावर, बॅटरी उतरलेली निघते. यासाठी डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली आणि पंधरवड्यातून एकदा अर्धा तास इंजिन चालवणं पुरेसं आहे. जुना डायनमो असेल तर इंजिन नुसतं मंद ठेवून उपयोग नाही. तो मंद फेऱ्यांवर चार्जिंग देतच नाही, थोडी रेस लागते.

बॅटरी गेली की ढकलणं आलं. घाटावरचा शेतकरी ट्रॅक्टर उतारावर लावतो. गोदावरी-पूर्णेच्या काठची आपली काळी जमीन सपाट. इथे उतार म्हणजे कालव्याचा भराव नाहीतर रस्त्याची कड. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करता येतो, कारण जुना डिझेल पंप विजेवाचून चालतो. मात्र वरचा गिअर घ्यावा आणि क्लच सावकाश सोडावा. ओल्या रानात ते जमत नाही, मागची चाकं न फिरता घसरत जातात. आणि ओढणारी साखळी तुटली तर ती परत कुणाच्या अंगावर येते याचाही विचार करावा.

    

ज्यांना खरोखर जुना ट्रॅक्टर मूळ रूपात जपायचा आहे त्यांच्यासाठी एक सूचना. पन्नास-साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस चासीला जोडलेला असे. आजच्या सवयीने मायनस अर्थ समजून अल्टरनेटर बसवला की त्याचे डायोड क्षणात जळतात. आधी वायरिंग वाचा, मग हात घाला. पण ट्रॅक्टर कामाचा असेल तर मूळ रूपाचा हट्ट कशाला? आत गिअर असलेले नव्या पद्धतीचे लहान सेल्फ मिळतात. ते करंट कमी ओढतात आणि इंजिन जास्त वेगाने फिरवतात. झिजलेल्या इंजिनाला हवा असतो तो हाच वेग. चांगल्या जाड केबलीसह असा सेल्फ आणि अल्टरनेटर ही कामाच्या जुन्या ट्रॅक्टरवर केलेली सर्वांत शहाणी गुंतवणूक, असा माझा निवाडा आहे. पोनी, काडतूस, ब्लो-लॅम्प यांचं कौतुक करावं, पण आपल्या हवामानाला त्यांची गरज कधीच नव्हती.

राहिला डिसमिस. चावी खराब झाली किंवा सोलेनॉइड गेला की सेल्फच्या दोन टर्मिनलांवर डिसमिस आडवा टाकून ठिणग्या उडवत ट्रॅक्टर चालू करायचा, हे आपल्याकडे इतकं रुळलंय की ती दुरुस्तीच समजली जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना चालू होऊ नये म्हणून हॅरी फर्ग्युसन यांच्या १९४६ च्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये सेल्फ गिअरच्या दांड्यानेच लागायचा. दांडा 'एस'च्या जागी नेला की सेल्फ फिरणार आणि त्या जागी असताना कुठलाही गिअर पडलेला असणं शक्यच नाही. पुढच्या मॅसी ट्रॅक्टरांत हाय-लो दांडा न्यूट्रलला असल्याशिवाय न्यूट्रल स्विच करंट जाऊच देत नाही. डिसमिस ही सगळी सोय ओलांडून थेट सेल्फला करंट देतो. माणूस तेव्हा सीटवर नसतो, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढे उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर डिझेल इंजिन पहिल्या फेऱ्यालाच पकड घेतं आणि चाक अंगावरून जातं. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. पूर्णेपासून ते तीस किलोमीटरच्या आसपास. मे महिन्यात तिथल्या मुलांनी मीटर आणि पाने घेऊन एक दिवस तालुक्याच्या मोंढ्यात बसावं, बॅटरी-केबल तपासून द्याव्यात, अशी विनंती करायला हरकत नाही. ते होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरपुरतं एक करावं. न्यूट्रल स्विचला कुणीतरी दिलेली डायरेक्ट वायर काढून टाकावी, सोलेनॉइड नवा बसवावा आणि ट्रॅक्टर सीटवर बसूनच चालू करावा.